अडीच बाय साडेपाचमधली फियाट

दहिसर पूर्वेच्या आनंदनगरात पांचाली नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथल्या स्टिल्टखालच्या २५ पार्किंगवरून बिल्डर आणि सोसायटी यांच्यात वाद पेटला. तो दिवाणी न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत दिल्लीला गेला, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बिल्डरचं म्हणणं होतं की खांबांमधली ही जागा म्हणजे गॅरेज, तेव्हा ती फ्लॅटपासून वेगळी विकण्याचा हक्क आपला. न्या. आर. एम. लोढा आणि न्या. ए. के. पटनायक यांच्या खंडपीठाने ते मान्य केलं नाही. स्टिल्टची जागा सामाईक आहे, ती विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पुढे २०१६च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच आली: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. उघडं पार्किंग त्यात बसत नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाने आधी हा निकाल समजून घ्यावा, पान्यांचा सेट नंतर घ्यावा. कारण उपनगरात ज्याला सर्रास ‘आपलं गॅरेज’ म्हटलं जातं, ते बहुतेक वेळा कायद्याने गॅरेज नसतं. ती सोसायटीने वापरायला दिलेली एक चौकट असते. तिला शटर बसवलं, पत्रा ठोकून आडोसा केला, की ते अनधिकृत बांधकाम ठरतं आणि महापालिका कलम ३५१ची नोटीस काढू शकते. शिवाय अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडली तर प्रश्न फक्त नोटिशीवर थांबत नाही. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर आदर्श उपविधींनुसार दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करता येतं. म्हणजे यंदाची जागा पुढच्या वर्षी आपलीच राहील, याची खात्री नाही. त्यामुळे घरच्या वर्कशॉपचं सगळं सामान चाकांवर असावं, भिंतीत काही गाडू नये, आणि पहिलं काम म्हणून सोसायटीच्या सचिवांना पत्र द्यावं. काय करणार, किती वाजेपर्यंत करणार, तेल कुठे टाकणार, हे त्यात लिहून पोच घ्यावी. एवढं केलेलं असलं की पुढे सर्वसाधारण सभेत कुणी आवाज चढवला तरी हातात कागद असतो.

या उपनगरांत जुन्या गाडीचा नाद रुजला, त्यामागे एक रस्ता आहे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात होत्या. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. त्याच रस्त्याने पुढे भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात लॅम्ब्रेटा बनत होती, आणि भांडुपलाच सिएटचे टायर तयार होत होते. पश्चिमेला कांदिवलीत महिंद्राचा कारखाना. प्रीमियरमध्ये कामगारांची युनियन डॉ. दत्ता सामंतांची होती आणि सामंतांचा दवाखाना घाटकोपरला. या कारखान्यांतल्या फिटर, टर्नर, वेल्डरांची घरं याच पट्ट्यातल्या चाळींत आणि वसाहतींत होती. ज्या हातांनी गाड्या बनवल्या, त्यांतलेच कित्येक हात नंतर छोटे गॅरेजवाले झाले.

प्रीमियरची जागा आज ओळखू येत नाही. त्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे, आणि शेजारच्या प्रीमियर रोडच्या पाटीवर तेवढं नाव उरलं आहे.

उपनगरातल्या हौशी माणसाची गाडी म्हणजे रोल्स रॉइस नव्हे, हे आखणी करताना ध्यानात ठेवलं पाहिजे. संस्थानिकांच्या गाड्यांना मोठमोठी आवारं आणि पगारी मेकॅनिक असतात. प्राणलाल भोगीलाल यांच्या गाड्यांसाठी अहमदाबादजवळ कठवाड्याला अख्खं संग्रहालय आहे. बोरिवलीच्या माणसाकडे असते ती वडिलांची फियाट. ११०० डिलाइट किंवा १९७४पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तीच गाडी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती कुर्ल्यात बनत राहिली. एखाद्याकडे १९८५मध्ये आलेली ११८ एनई असते, एखाद्याकडे जीप, एखाद्याकडे मॉरिस. पण या भागाची खरी वारसा गाडी पद्मिनीच, कारण ती इथेच जन्मली.

आणि ती आजवर रस्त्यावर दिसली, त्याचं श्रेय हौशी मालकांपेक्षा टॅक्सीवाल्यांना जास्त जातं. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांवर काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पद्मिनी. रोज दोन पाळ्यांत धावणाऱ्या या गाड्यांना क्लच प्लेट, ब्रेकचे वायसर, पाण्याचा पंप, डेल्कोचे पॉइंट सतत लागत. त्यामुळे ते सतत बनत, विकले जात आणि बसवणारे हातही तयार राहत. अंधेरीचा एखादा डॉक्टर रविवारी फियाट काढायचा तेव्हा तो या प्रचंड धंद्याच्या सावलीत उभा असायचा, त्याला ते जाणवतही नसे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तीही थांबली. बातम्यांमध्ये हळहळ उमटली, टॅक्सी युनियनने एक तरी गाडी जपून ठेवा अशी मागणी केली. हौशी मालकांच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी एक पुरवठा संपला. ओपेरा हाऊसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या गल्लीत, चोरबाजारात अजून माल मिळतो. पण तो आता साठा आहे. विकला गेला की त्या जागी दुसरा येईलच असं नाही.

म्हणून घरच्या वर्कशॉपचा हेतूच बदलला आहे. पूर्वी ती सुटीच्या दिवशी हात काळे करण्याची जागा होती. आता गल्लीतला मेकॅनिक जे सांभाळत होता, त्यातला काही भाग मालकाने सांभाळायचा आहे. सुटे भाग, मापं, आणि कुठला स्क्रू कुठे बसतो याची माहिती.

कायद्याची वयोमर्यादा इथे नीट समजून घ्यायला हवी. १५ जुलै २०२१ला केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला ‘व्हीए’ मालिकेतली पाटी मिळते. बदल्यात अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. १९७४ची पद्मिनी यात नुकतीच बसू लागली आहे. १९८५ची गाडी २०३५पर्यंत थांबेल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या व्याख्येत ३० वर्षांची, नीट जपलेली गाडी ऐतिहासिक ठरते; आपल्याकडे तिला फक्त म्हातारी म्हणतात. अशा गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. दिल्लीसारखी वयावरून सरसकट बंदी मुंबईत नाही, हा त्यातला दिलासा. तीस ते पन्नास या वयातल्या गाड्यांसाठी निराळा वर्ग असायला हवा. नाहीतर कुर्ल्यात बनलेल्या गाड्यांची अख्खी शेवटची पिढी पन्नाशी गाठण्याआधीच भंगारात जाईल.

अंधेरीच्या, बोरिवलीच्या किंवा वडाळ्याच्या आरटीओत तपासणीला जाताना धुराचा प्रश्न वाटतो तितका अवघड नसतो. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कार्बोरेटर साफ असेल, पॉइंटची गॅप बरोबर असेल आणि प्लग सुके असतील तर पद्मिनी त्यात बसते. ही तिन्ही कामं घरी होण्यासारखी आहेत.

आता टेप काढायची. मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ बाय ५.५ मीटर आणि छोट्या गाडीची २.३ बाय ४.५ मीटर आहे. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद आणि १.४७ मीटर उंच. मोठ्या चौकटीत ती मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना ५२-५२ सेंटिमीटर उरतात. त्यात दार धड उघडत नाही. एका बाजूच्या खांबाला चिकटवली तर दुसऱ्या बाजूला मीटरभर जागा मिळते आणि माणूस गुडघ्यावर बसून चाक काढू शकतो. लांबीत दीड मीटर शिल्लक राहतं: साठ सेंटिमीटर खोलीचं चाकांवरचं टेबल आणि त्याच्यापुढे उभं राहून बॉनेटमध्ये वाकायला जागा. छोट्या चौकटीत मात्र पुढेमागे मिळून ५७ सेंटिमीटरच उरतात. तिथे टेबलाचा विचार सोडून द्यावा. भिंतीला लागून एक उंच, अरुंद, कुलपाचं कपाट ठेवावं आणि काम असेल त्या दिवशी शेजाऱ्याला आधी सांगून गाडी थोडी बाहेर घ्यावी.

उंचीचा हिशेब बहुतेक जण विसरतात. जुन्या इमारतींच्या स्टिल्टमध्ये बीमखाली साधारण २.४ मीटर मिळतात. कंबरेइतकी वर जाणारी लिफ्ट आणली आणि गाडी मीटरभर उचलली, की छप्पर २.४७ मीटरवर पोहोचतं. गाडीचा माथा बीमला लागला! तेव्हा लिफ्टचा नाद सोडावा. चेन पुली अडकवायला स्लॅबला हूक मारण्याचा मोह तर अजिबात नको. तो बीम अख्ख्या इमारतीचा आहे, तो इंजिन उचलायला बांधलेला नाही. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, चार मजबूत घोड्या आणि पुढच्या चाकांसाठी दोन रॅम्प एवढ्यात घरची सगळी कामं होतात. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. विटा किंवा पेव्हर ब्लॉक रचून त्यांवर गाडी टेकवायची नाही. विटेला तडा जाताना आवाजसुद्धा होत नाही.

काही जण खड्ड्याचा आग्रह धरतात, कारण त्यांनी लहानपणी गॅरेजात खड्डा पाहिलेला असतो. सोसायटीत तो खणता येत नाही, बंगल्यात खणला तरी धोका आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून साचते, आणि मग हातदिव्याची एक ठिणगी पुरते.

जमिनीखाली काय आहे, हेही आधी विचारावं. उपनगरातल्या कित्येक इमारतींची पाण्याची भूमिगत टाकी स्टिल्टखाली किंवा लगतच्या आवारात असते. तिच्या झाकणाच्या आसपास घोडी ठेवणं म्हणजे पाऊण टनाहून जड गाडीचा भार चार बोटांवर देणं. आणि तिथे सांडलेलं तेल शेवटी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या नळाला जातं. जागा निवडायची संधी असेल तर टाकीपासून आणि मीटर रूमपासून दूरची निवडावी. घोड्यांखाली जाड प्लायवुडचे तुकडे घालावेत, म्हणजे पेव्हर खचत नाहीत. इंजिनखाली कायम पत्र्याची ताटली असावी, त्यात भुसा किंवा वाळू. जुनी फियाट थोडं तेल गाळतेच.

मग पाऊस. दक्षिण मुंबईतल्या मंडळींना उपनगरातला पाऊस कळत नाही, आणि याला आकड्याचा पुरावा आहे: २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पडला होता. मिठी नदी पवई, साकीनाका, कुर्ला करत जाते. त्या बाजूला राहणाऱ्याने सोसायटीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशाला, किंवा वॉचमनला, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवायला सांगावं आणि खांबावर खूण करावी. कपाटातला सर्वांत खालचा कप्पा त्या खुणेच्या वर असावा. चार्जर, ड्रिल मशीन, सुट्या भागांचे खोके त्याहून वर.

पूर कधीतरी येतो, दमट हवा मात्र चार महिने मुक्कामाला असते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते, त्यामुळे तिचा गंज हा रंगापुरता दोष नव्हे. मॅटखालचं फ्लोअर, दाराखालची पेटी, चाकांच्या कमानी, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या सहा ठिकाणी बोटाने आणि टॉर्चने दर महिन्याला तपासावं. पावसाळ्याआधी मॅट काढून ठेवावेत. प्लॅस्टिकचं किंवा ताडपत्रीचं आवरण आत ओल कोंडून ठेवतं, त्यापेक्षा स्टिल्टखाली सुती आवरण बरं. ‘रोज पाच मिनिटं चालू करतो’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने भलं होत नाही, कारण थंड इंजिन बंद झालं की सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी धरतं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणली तर ती वाफ निघून जाते, ब्रेकचे सिलिंडरही हलते राहतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदलावंच.

यानंतर येतो आखणीचा गाभा: घरी काय करायचं आणि काय नाही. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक घरामागच्या गॅरेजात वेल्डिंग करतात, रंग मारतात, इंजिनही उतरवतात. त्यांचं पाहून अंधेरीच्या सातमजली इमारतीखाली तेच करायला जाऊ नये. तशी गरजही नाही. त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे पाच-सात किलोमीटरच्या आत प्रत्येक कामाचा जाणकार. साकीनाका, मरोळ, कुर्ल्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यांत लेथवाले आहेत. मुलुंडकरांना वागळे इस्टेट जवळ. बोअरिंग, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग, बंपरचं निकेल-क्रोम, रेडिएटरची डाग, पाट्यांना नवा बाक, सीटचं कुशनकाम, हे सगळं तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत होतं. डेंटिंग-पेंटिंग घरी करूच नये. हल्लीच्या टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याच्या फवाऱ्याने दमा लागू शकतो, आणि स्टिल्टमधला फवारा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत जातो. लांबी घासलेली धूळही तशीच पसरते.

घरी राहतात ती शांत कामं: कार्बोरेटर खोलून जेट साफ करणं, पॉइंट आणि प्लग, वायरिंगचे सैल लग, डायनॅमो आणि सेल्फचे ब्रश, ब्रेक उघडून पाहणं, ग्रीसिंग, तेल बदलणं, रबरं बदलणं, पत्र्यावर गंजरोधक मारणं. भाग बाहेर पाठवायचा असेल तर तो आपण खोलावा, फोटो काढावेत, बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत, आणि फक्त तेवढा भाग लेथवाल्याकडे न्यावा. गाडी गॅरेजात महिनोन्‌महिने पडून राहते, एकातून भाग निघून दुसऱ्याला लागतो, हा जुन्या गाड्यांच्या मालकांना नेहमी येणारा अनुभव या पद्धतीने टळतो. कारागिराशी बोलतानाही फरक पडतो. जो मालक मोजमाप लिहून आणतो, त्याच्याशी टर्नर वेगळं बोलतो.

हत्यारं गाडीच्या मायदेशाप्रमाणे घ्यावीत. फियाट इटालियन, तिला मिलिमीटरचे पाने लागतात: ८, १०, १३, १४, १७, १९ एवढ्यांत बहुतेक गाडी उघडते. जीप किंवा डॉजला इंचाचे अमेरिकन पाने. जुन्या मॉरिस, ऑस्टिनला बहुधा व्हिटवर्थ, आणि तिथे ‘चालवून घेऊ’ म्हणत मिलिमीटरचा पाना घातला की बोल्टच्या कडा गोल झाल्याच. नाशिकच्या तापडियाचे रिंग पाने आणि पक्कड, एक बऱ्यापैकी टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, व्हाइस. एवढं घेऊन वर्षभर काम करावं आणि मग जे अडेल ते घ्यावं. मशीदबंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर अर्धा दिवस फिरलं तर बेअरिंगपासून ऑइल सीलपर्यंत सगळं हातात घेऊन बघता येतं. व्हिटवर्थचे पाने मात्र चोरबाजारातच शोधावे लागतात.

कपाटातली अर्धी जागा सुट्या भागांसाठी राखावी, आणि हा सल्ला टॅक्स्या गेल्यानंतर जास्त निकडीचा झाला आहे. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, ब्रेक सिलिंडरचे किट, पेट्रोल पंपाचा पडदा, पॉइंट-कंडेन्सर, पाण्याचा पंप, सस्पेन्शनचे बुश, काचेची रबरं, मागच्या दिव्यांच्या काचा. लोखंडी भागांना ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळावं. रबरी भाग शंखजिरे लावून बंद पिशवीत, उजेडापासून लांब. खोक्यावर तारीख, दुकान आणि गाडीचं वर्ष लिहावं. दोघांतिघांनी मिळून असा साठा केला तर आणखी चांगलं, कारण प्रत्येकाने तीन-तीन पाण्याचे पंप ठेवण्याची गरज उरत नाही. घाटकोपरकराकडे दिव्याची काच असते तेव्हा मुलुंडकराकडे बुश असतात.

पेट्रोलमध्ये या गाड्यांच्या हयातीत दोनदा मोठा बदल झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण आलं आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या हवेत, महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी जमतं, टाकी आतून गंजते, तो चिखल जेटमध्ये अडकतो. उपाय ठरलेला आहे: इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यायचे, पारदर्शक फिल्टर लावायचा, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची म्हणजे आत ओल धरायला हवाच उरत नाही.

सुटं पेट्रोल घरी ठेवताना १९३४च्या पेट्रोलियम कायद्याची मर्यादा आहे. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं धातूचं, घट्ट झाकणाचं आणि २५ लिटरपेक्षा मोठं नसावं. काचेचं असेल तर एका लिटरपर्यंतच. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली या कायद्यात कुठेच बसत नाही. खरं तर इमारतीखाली ३० लिटरही फार झाले. भाग धुण्यापुरतं लिटरभर रॉकेल किंवा डिझेल पुरतं. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी असावा, आणि तो कपाटाच्या आत नव्हे, बाहेरच्या बाजूला टांगलेला.

विजेसाठी आपल्या घरच्या मीटरवरून वायर खाली सोडण्याची पद्धत आहे, ती बंद व्हायला हवी. मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकी बहुतेक उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवर. कंपनी कुठलीही असो, सोसायटीच्या संमतीने, वेगळ्या सबमीटरवर, ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीसह एक १६ अँपियरचा पॉइंट घ्यावा. ओल्या फरशीवर बसून ड्रिल चालवणाऱ्याचा जीव त्या छोट्या खटक्यावर अवलंबून असतो. उजेड भरपूर असावा: दोन एलईडी ट्यूब खांबांवर, एक चार्जिंगचा दिवा गाडीखाली.

आवाजाचेही नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. साधा कॉम्प्रेसर दिवसाची मर्यादासुद्धा सहज ओलांडतो. म्हणून कॉम्प्रेसर घेऊच नये. हवा भरायला पेट्रोल पंप आहे, आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवणं तर जिवावर बेतणारं आहे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. काढलेलं इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात साठवून, जुनं तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. गटारात ओतलेलं तेल उपनगरात शेवटी मिठीला, पोयसरला किंवा दहिसर नदीला जातं.

बंगलेवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. बोरिवलीची आयसी कॉलनी, जुहू-पार्ले स्कीम, मुलुंडचे आखीव रस्ते, या भागांत तीन भिंतींचं खरंखुरं गॅरेज असलेली घरं अजून थोडी आहेत. तिथे कोटा किंवा घट्ट काँक्रीटची जमीन, दाराकडे उतार, दोन्ही टोकांना जाळी आणि एक एक्झॉस्ट पंखा एवढं केलं की काम सुरू. बंद जागेत इंजिन चालवायचं असेल तर दार पूर्ण उघडं हवं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पण हे बंगले एकेक करून पुनर्विकासाला चालले आहेत, जुन्या सोसायट्याही. नव्या टॉवरमध्ये पोडियम येतो किंवा यांत्रिक पार्किंग. पॅलेटवर वर चढलेल्या फियाटमधून गळणारं तेल खालच्या नव्या गाडीच्या छपरावर पडतं, आणि मग भांडण कुणाशी करायचं हा प्रश्न उरतो. ज्यांच्या इमारतीचा करार अजून व्हायचा आहे त्यांनी सभेत आत्ताच हात वर करावा: जमिनीवरची, २.५ बाय ५.५ची, यांत्रिक नसलेली जागा, तिचा क्रमांक आणि जवळचा वीज पॉइंट कायमस्वरूपी वाटपाच्या पत्रात लिहून घ्यावा. ताबा मिळाल्यावर मागून तो मिळत नाही.

वर्कशॉपचं वर्ष मुंबईच्या हवेप्रमाणे चालतं. मे महिन्यात ब्रेक, वायपर, रबरं आणि गंजरोधक. जून ते सप्टेंबर टेबलावरची कामं: कार्बोरेटर, डायनॅमो, मीटर, सुट्या भागांची यादी. खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल लावून पुजली जातात, तेव्हाच वर्षाची मोजणीही करावी. कुठला पाना हरवला, कुठला झिजला. पाऊस ओसरला आणि हवा कोरडी झाली की पत्रा आणि रंगाचं काम बाहेर द्यावं, कारण दमट हवेत रंगाखाली ओल राहते आणि दोन पावसाळ्यांत तो फुगतो. दिवाळीत बहुतेक कारागीर गावी जातात, तेव्हा गाडी त्याआधी पोहोचलेली हवी. नोव्हेंबरात ती परत येते, डिसेंबरात वायरिंग आणि काचा बसतात, आणि त्यानंतर थंडीच्या दिवसांतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅलीसाठी अर्ज भरायला हरकत नाही. अर्जासोबत गाडीची कागदपत्रं लागतात, तेव्हा विमा आणि पीयूसीच्या तारखा आजच पाहून ठेवाव्यात.